चार चाकांची हवा

“गवताच्या एका पात्यावरही चाक जाणार नाही, काका. शब्द देतो,” असं ध्रुवने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि त्यावर रुचाचे बाबा ‘बघू’ एवढंच म्हणाले होते.

श्यामकांत काकांचं ‘बघू’ साधंसुधं नव्हतं. साताऱ्याकडे आरटीओत त्यांनी आयुष्यभर लायसन्सच्या परीक्षा घेतल्या होत्या. त्यांच्या ‘बघू’नंतर भलेभले स्वतःची गाडी ढकलत घरी गेले होते! सध्या ते रियाधला मुलीकडे आले होते. रुचा तिथे बँकेत होती, ध्रुव एका आयटी कंपनीत, आणि दोघांना लग्न करायचं होतं. विषय निघाला की काका म्हणत, आधी गाडी कशी चालवतो ते पाहू, मग बोलू. माणूस बैठकीत कळत नाही, स्टिअरिंगवर कळतो. आणि उद्या त्यांचं परतीचं विमान होतं.

म्हणून ध्रुवने आजच्या परीक्षेसाठी कायद्याचा रस्ता शोधला. यंदा पाऊस बरा झाला होता. बुरैदाच्या वाटेवर एका राखीव क्षेत्रात वाळूच्या कुशीत मोठं हिरवं कुरण उगवलं होतं. अशा कुरणाला इकडे रौदा म्हणतात. तिथे गाडी न्यायला परवाना लागतो आणि ठरलेली मातीची वाट सोडून हिरव्यावर चाक घातलं तर गस्तीचे लोक सोडत नाहीत. ध्रुव फिजिक्सचा एमएस्सी. त्याने उपग्रहाचे फोटो पाहून चालू वाट, बंद वाट आणि शंकास्पद वाट तीन रंगांत रंगवून ठेवली होती. मुंडावळ्या बांधून बसायचंच काय ते बाकी होतं.

डांबरी रस्ता संपला तिथे त्याने फोर बाय फोर थांबवली. काका मागच्या सीटवर घोरत होते. ध्रुवने चारही टायरमधली बरीचशी हवा सोडली, प्रत्येक टायरला गेज लावून पाहिलं. टायर मऊ असला की पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत रुतत नाही. मग तो आणि रुचा परवाना दाखवायला पहारेकऱ्याच्या खोलीकडे गेले.

परवाना दाखवायला क्षणभर लागला. गहव्याला, म्हणजे अरबी कॉफीला, मात्र अंत नव्हता! पहारेकऱ्याने बसवलं, चिमुकल्या कपात कॉफी ओतली. ध्रुव ती प्यायला. पहारेकऱ्याने पुन्हा ओतली. नको कसं म्हणायचं? ध्रुव पीत राहिला. कानांतून वेलचीचा वास यायला लागला तेव्हा रुचाने हळूच सांगितलं, की पुरे झालं की कप हलवून परत द्यायचा असतो.

“हे आत्ता सांगतेस?”

“मला वाटलं, तुला आवडतेय.”

परत आले तेव्हा काका जागे होते आणि रुमालाला हात पुसत होते. चेहऱ्यावर तीर्थाहून आल्यासारखं समाधान होतं. ध्रुवला ते शुभ चिन्ह वाटलं.

पहिला टप्पा झकास गेला. वाट कडक होती. डावीकडे रौदा पसरली होती, बारीक जांभळी फुलं, गुडघ्याएवढं गवत. ध्रुव वाटेवरून देव्हाऱ्यात वात लावावी तशी गाडी चालवत होता. काकांनी एकदा मान हलवली. ती होकारार्थी होती, हे रुचाने आरशातून डोळ्यांनी कळवलं.

मग वाट खोलगट वाळूत उतरली आणि गाडी बसली.

बसली म्हणजे म्हैस पाण्यात बसते तशी! ध्रुवने हळूच गती दिली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खाली गेली. पुन्हा दिली, तर मागचं चाक तिरपं सरकत हिरव्याकडे गेलं. त्याने खाली उतरून पाहिलं. चाक आणि पहिलं गवत यांच्यात वीतभर अंतर होतं. आणखी एक धक्का आणि दिलेला शब्द, लग्न, सगळं त्या जांभळ्या फुलांवर.

त्याला काही उमगेना. इतक्या मऊ टायरवर हे होणं शक्यच नव्हतं. काकांनी सुचवलं म्हणून चाकाखाली सतरंजी घातली. चाकाने ती अशी भिरकावली की ती फडफडत जाऊन थेट कुरणात पसरली, जणू तिथे कीर्तन आहे.

आणि त्याच वेळी दूर धूळ दिसली. गस्तीची पांढरी जीप.

जीप थांबली, एक दाढीवाला अधिकारी उतरला. त्याने आधी सतरंजी पाहिली. मग चाकापासून गवतापर्यंतचं अंतर पाहिलं. मग टायरला लाथ मारली. टायर ढोलकीसारखा टणकन वाजला.

“इतना हवा?” तो मोडक्या हिंदीत म्हणाला. “रेत में? किसने भरा?”

ध्रुवने धावत जाऊन गेज लावलं. काटा वर. दुसऱ्याला लावलं. वर. चारही टायर भजनी मंडळातल्या टाळकऱ्यांसारखे एका सुरात! त्याने डिकी उघडली. हवा भरायचा पंप नीट गुंडाळून ठेवला होता आणि वायरीला सरकारी पद्धतीची पक्की गाठ होती.

त्याने काकांकडे पाहिलं. त्यांच्या खिशातून रुमालाचं काळं टोक डोकावत होतं. काका एका जांभळ्या फुलाचं मन लावून निरीक्षण करत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

“किसने भरा?” अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

“मैंने,” ध्रुव म्हणाला.

“पढ़ा है कुछ?”

“फिजिक्स.”

“माशाअल्ला,” अधिकारी अशा काही सुरात म्हणाला, की विद्यापीठाने ऐकलं असतं तर पदवी परत मागितली असती.

चाक हिरव्यावर गेलं नव्हतं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. चारही टायरची हवा सोडल्यावर त्याने हात केला, “यल्ला, चलो.” गाडी एका दमात वर आली. सतरंजी ध्रुवने फुलं न तुडवता बोटांच्या टोकांवर चालत जाऊन आणली.

डांबरी रस्ता लागला. तिथे ध्रुव पंप काढायला लागला, तसा त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला.

“मला वाटलं, तुमचं हवेकडे लक्षच नाही,” ते टायरकडे बघत म्हणाले. “मी परीक्षेला घेतलं असतं आणि असे बसके टायर दिसले असते, तर तिथेच नापास केलं असतं.”

काकांनी चारही टायर भरले, उभे राहिले आणि मुलीकडे वळले.

“रुचा, हा खोटं बोलतो. वर्दीतल्या माणसासमोर, जराही न अडखळता.”

काकांनी पंप ध्रुवच्या हातात दिला.

“सासरा सांभाळायला असाच लागतो. आईला फोन कर. हो म्हणून सांग.”

परतीच्या सरळसोट हायवेवर ध्रुवचा पाय आनंदाने जड झाला. वेगाचा काटा कधी वर गेला त्याला कळलंच नाही. कळलं ते कडेच्या कॅमेऱ्याचा लखकन उजेड पडला तेव्हा.

ध्रुवने झटकन पाय उचलला.

“ही चूक मात्र,” मागच्या सीटवरून आवाज आला, “खरोखर तुझीच.”