जोडीशिवाय प्रवेश नाही

लिफ्टशेजारची सूचना घड्याळवाल्या काकांनी एकदाच वाचली. एकच गोष्ट दोनदा वाचावी लागणं म्हणजे म्हातारपण, असं त्यांचं ठाम मत. ‘साठीपुढच्यांसाठी चालण्याचा नवा व्यायाम. रविवारी सात वाजता, बागेत. जोडीशिवाय प्रवेश नाही.’

काकांची जोडी सात वर्षांपूर्वीच मोडली होती. आता सोबतीला होती ती वरच्या मजल्यावरची पावलं. वर राहणाऱ्या निवृत्त सिस्टर पावणेसहाला उठत, सहाला स्वयंपाकघरात जात. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण सकाळचं घड्याळ ते या पावलांवरच लावत. ती पावलं एकदा तरी आपल्या शेजारी पडावीत, असं त्यांना फार वाटे. “चालायला येता का?” एवढं विचारायला मात्र तीन वर्षं जीभ रेटली नव्हती.

आता नियमच होता म्हटल्यावर काका वर गेले.

“माझं काही नाही हो, जोडी हवी असा नियम आहे.”

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. “जोडी म्हणून यायचं?”

“व्यायामापुरती.”

“बरं. केस विंचरून या.”

रविवारी बागेत दहाबारा म्हातारे उभे होते. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक काठी.

“काका, तुमची जोडी?” शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

काकांनी ऐटीत सिस्टरकडे हात केला. “ही काय.”

अख्खा वर्ग काठ्यांवर रेलून हसला.

“अहो, काठ्यांची जोडी!”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक हसले तर हसोत, पण सिस्टर आता दारसुद्धा उघडायच्या नाहीत.

सिस्टरनी मात्र बाईंकडची जास्तीची एकुलती जोडी मागून घेतली. एक काठी काकांच्या उजव्या हातात दिली, दुसरी आपल्या डाव्या हातात धरली.

“एकेका काठीने काही फायदा नाही हं,” बाई मागून सांगत राहिल्या.

मधले दोन हात मोकळे होते. पहिल्या वळणावर काका अडखळले, तेव्हा तेही मोकळे राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका काठ्या आणायला दुकानात गेले. भिंतभर काठ्या टांगलेल्या होत्या. काकांनी त्या नीट पाहिल्या आणि घरी आले.

जिन्यात सिस्टर भेटल्या. “मिळाली जोडी?”

“संपल्यात म्हणे.”

“हो ना,” सिस्टर म्हणाल्या. “मी सकाळीच जाऊन आले. एकसुद्धा नव्हती.”