बावीस वर्षं बरोबर गाडी

“बावीस वर्षं झाली या नोकरीला. चुकीच्या गाडीतून कुठल्या फाटकाशी गेलोय, असं एकदाही झालेलं नाही. एकदाही!”

हे वाक्य कुरोइवा आठवड्यातून निदान दोनदा म्हणत. पोटात थोडी साके गेली की चारदा. शिओमी रबर या चौदा माणसांच्या कारखान्याच्या विक्रीचं सगळं काम ते एकटे बघत, आणि ते काम किती नाजूक आहे हे त्या नदीकाठी राहिल्याशिवाय कळायचं नाही.

नदीच्या अलीकडे मिनोबे मोटर्स, पलीकडे तोकुरा मोटर्स. पोर कुठल्या काठाचं हे तिथे बारशाआधीच ठरतं. मिनोबेच्या फाटकातून फक्त मिनोबेची गाडी आत जाते, तोकुराच्या फाटकातून तोकुराची. तसा लेखी नियम कुठेही नाही. दुसरी गाडी घेऊन आलात तर पहारेकरी कमरेत वाकून नमस्कार करतो आणि बांबूच्या बनामागचं मैदान दाखवतो. तिथून वीस मिनिटं चालायचं. घामाघूम होऊन तुम्ही पोहोचलात की ज्या साहेबांना भेटायचं ते नुकतेच बाहेर गेलेले असतात. कंप्युटरचंही तेच. दोन्ही कंपन्यांच्या भाऊबंद कंपन्या कंप्युटर बनवतात, त्यामुळे एकीच्या टेबलावर दुसरीचा लॅपटॉप उघडणं म्हणजे भर लग्नात पांढरी साडी नेसून जाण्यासारखंच.

म्हणून शिओमी रबरकडे गाड्या दोन, लॅपटॉप दोन, बॅगा दोन, आणि भेट मिळालेली पेनंसुद्धा दोन वेगळ्या डब्यांत. कुरोइवा घरी मात्र बायकोची सायकल वापरत. तुम्हाला स्वतःला कुठली गाडी आवडते, असं कोणी विचारलं की ते आधी इकडेतिकडे बघत आणि मग हवापाण्याविषयी बोलत.

आता गोष्ट त्या बुधवारची. कुरोइवांचा कारखाना मिनोबेच्या गाड्यांना दाराची रबरी पट्टी पुरवायचा. तोकुरा मात्र त्यांच्याकडून बॉनेटखालच्या बारीकसारीक चकत्या तेवढ्या घ्यायचं. दाराची पट्टी दुसऱ्याच कारखान्याची. मिनोबेचं ते मॉडेल मार्चमध्ये बंद होणार होतं. तोकुराच्या दाराचं काम मिळालं नाही तर चौदातली सहा माणसं घरी बसणार, हे मालकीणबाईंनी, म्हणजे सत्तरीच्या शिओमीबाईंनी, स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्या सहांतला एक कुरोइवांचा व्याही होता, त्यामुळे विषय घरापर्यंत पोहोचला होता.

आणि नेमक्या त्याच दिवशी सकाळी नऊला मिनोबेत बैठक, दुपारी दीडला तोकुरात.

“जमेल ना?” शिओमीबाईंनी विचारलं.

“बाई, बावीस वर्षं...”

“माहितीये. जमेल ना, एवढंच सांगा.”

योजना बिनचूक होती. पुलाजवळच्या बाजाराच्या वाहनतळावर, पूर्वेच्या कोपऱ्यात झाडाच्या सावलीत, कुरोइवांनी भल्या सकाळी पांढरी तोकुरा आणून लावली. आत तोकुराचा लॅपटॉप, बॅग आणि पेन. दारं नीट कुलूपबंद केली. मग बसने परत जाऊन पांढरी मिनोबे काढली आणि नवाच्या ठोक्याला अलीकडच्या काठावर हजर झाले. दुपारी पुलाजवळ यायचं, गाडी बदलायची, टाय बदलायचा आणि पलीकडे जायचं. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश होते की बाजाराच्या खांबावर लावलेला भला मोठा कागद त्यांनी वाचलाच नाही.

त्यावर लिहिलं होतं, ‘बुधवारी सकाळी भूकंप-बचावाचा सराव’.

बारा वाजता कुरोइवा परतले तेव्हा त्यांच्या गाडीभोवती दीडशे माणसं गोल करून उभी होती. शिट्ट्या वाजत होत्या. गावचं अग्निशमन पथक, म्हणजे टोफूवाले, न्हावी, मासळीवाले अशी हौशी मंडळी, शिरस्त्राणं घालून धावपळ करत होतं. गाडीवर साबणासारखा फेस. चालकाच्या बाजूचं दार कापून जमिनीवर ठेवलेलं. दाराची रबरी पट्टी एका टोकाला लोंबत होती. शेजारी स्ट्रेचरवर चिंध्यांचा बाहुला झोपवला होता, आणि त्याच्या पोटावर कुरोइवांचा लॅपटॉप. दोघांनाही ‘गंभीर जखमी’ अशी चिठ्ठी बांधली होती.

“अहो, ही माझी गाडी आहे!”

पथकप्रमुख हिबिनो, जे एरवी टोफू विकत, त्यांनी हातातला कागद पाहिला. “पांढरी तोकुरा, पूर्वेचा कोपरा. भंगारवाला सकाळी सोडून जाणार होता.”

“पण मी कुलूप लावलं होतं!”

“म्हणून तर कापावी लागली, साहेब.”

इतक्यात फाटकातून एक मालमोटार आत आली. मागे दोरखंडाने बांधलेली, गंजलेली पांढरी तोकुरा. हिबिनोंनी मालमोटारीकडे पाहिलं, कुरोइवांकडे पाहिलं आणि शिरस्त्राण काढून थेट जमिनीला डोकं टेकवलं. त्यांच्यामागोमाग सगळ्या पथकाने डोकं टेकवलं. प्रेक्षकांना वाटलं हाही सरावाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“दुरुस्ती आमच्याकडे लागली, साहेब. जन्मभर टोफू फुकट देईन.”

“टोफू राहू दे. इंजिन चालू होतंय का ते सांगा.”

इंजिन चालू झालं. आता आली खरी पंचाईत. एकीकडे धडधाकट, चारही दारांची, चकचकीत मिनोबे. दुसरीकडे तीन दारांची, फेसाळलेली तोकुरा. तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते उघड आहे. पण कुरोइवांच्या डोळ्यांसमोर ती बावीस वर्षं उभी राहिली. त्यांनी कापलेलं दार उचलून मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा आवळला आणि पूल ओलांडला. पुलावर वारा असा होता की डाव्या हाताने चाक आणि उजव्या हाताने टाय धरावा लागत होता. समोरून ओळखीचा माणूस आला की ते नेहमीसारखी मान लववत, जणू गावात हल्ली असंच हिंडतात.

तोकुराच्या फाटकावर ओगुरी नावाचा पहारेकरी होता. त्याने गाडी पाहिली. दार नाही हे पाहिलं. मग पुढची निशाणी पाहिली, ती तोकुराची होती. त्याने कडक सलाम ठोकला आणि दांडा वर केला.

दुसऱ्या मजल्यावर खरेदीप्रमुख निवा साहेब आणि समितीचे चार जण बसले होते. टेबलावर आणखी तीन कारखान्यांच्या पट्ट्यांचे तुकडे मांडलेले. कुरोइवांनी आपला तुकडा शेजारी ठेवला. काळ्या रबराचे चार तुकडे. आईनेसुद्धा वेगळे ओळखले नसते.

लॅपटॉप उघडायची वेळ आली. तोकुराचा लॅपटॉप फेस पिऊन निपचित पडला होता. शिल्लक होता तो खबरदारी म्हणून सोबत घेतलेला मिनोबेचा. कुरोइवांनी त्याच्या पाठीवरची निशाणी हिबिनोंनी दिलेल्या ‘आग दिसताच कळवा’ या चिठ्ठीने झाकली आणि बटण दाबलं. एक गोष्ट मात्र ते विसरले. मिनोबेचा लॅपटॉप चालू होताना गातो.

टिंग टिंग टिडिंग, टांग.

समितीतल्या एकाने छताकडे पाहिलं, दुसऱ्याने स्वतःच्या बुटांकडे. सूर ओळखला असं म्हणायचं तर तो आधी ऐकल्याची कबुली द्यावी लागली असती. कुरोइवा घामाने निथळत बोलत राहिले. बोलता बोलता त्यांना दिसलं की निवा साहेबांचं बोट टेबलावर अजून त्याच तालात वाजतंय.

“निर्णय चारला,” निवा साहेब उठत म्हणाले. “कुरोइवा, जरा खाली या. तुमची गाडी बघायची आहे.”

खाली आल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या पोकळीत डोकावले आणि लोंबणारी पट्टी दोन बोटांनी धरली. ती त्यांच्या हातातच आली.

“हे काय झालं?”

कुरोइवांनी सगळं सांगितलं. सराव, टोफूवाले, बाहुला, सगळं.

“म्हणजे चांगली मिनोबे पुलाजवळ उभी आहे, आणि तुम्ही ही घेऊन आलात?”

“साहेब,” कुरोइवा छाती काढून म्हणाले, “बावीस वर्षांत मी आपल्या फाटकाशी चुकीची गाडी आणलेली नाही. एकदाही!”

निवा साहेबांनी डोळे मिटून घेतले. नंतर चारी बाजूंना पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“अहो भल्या माणसा, माझ्या बायकोकडे मिनोबे आहे. माहेरचे सगळे त्याच काठाचे, सासऱ्यांनी दिली. दर रविवारी मी तिच्यात बसतो. कितीही मुसळधार असो, थेंब आत येत नाही. दाराची पट्टी तुमची आहे हे मला कधीचं ठाऊक आहे.”

“मग साहेब, आम्हाला काम का...”

“कसं देऊ? समितीसमोर काय सांगू? चांगली आहे हे कशावरून, असं कोणी विचारलं तर? मिनोबेत बसलो होतो म्हणू? इतकी वर्षं मी वाट बघतोय, की हा माणूस कधीतरी गोंधळेल, कधीतरी एकदा मिनोबे घेऊन येईल. मग मी म्हणेन, आवारात परकी गाडी सापडली, चला सगळे, तपासू या. दार उघडू, पाणी मारू. दरवेळी खिडकीतून बघतो.” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “आणि दरवेळी तुम्ही आपले बरोबर!”

बावीस वर्षं कुरोइवांच्या डोळ्यांसमोर परत उभी राहिली, आता मात्र एकेक करून पाठ फिरवत.

“पावणेतीन झालेत,” निवा साहेब घड्याळ बघत म्हणाले. “चारच्या आत चुकाल का?”

कुरोइवा दारावाचूनच्या गाडीत उडी मारून बसले. त्या दिवशी दार नसल्याचा तेवढा एक फायदा झाला.

साडेतीनला पांढरी मिनोबे तोकुराच्या फाटकाशी उभी राहिली. काच खाली करायला जाऊन कुरोइवांनी आधी वायपर चालू केला.

ओगुरीने निशाणी पाहिली. मग चेहरा पाहिला. मग पुन्हा निशाणी पाहिली.

“साहेब,” तो कळवळून म्हणाला, “आज चुकलात हो.”

“चुकलो,” कुरोइवा म्हणाले. हा शब्द त्यांनी कामावर असताना पहिल्यांदाच उच्चारला असावा. “मागच्या मैदानात लावू का?”

“तिथे जागा नाही. आत मुख्य दारासमोरच लावा.”

“जागा नाही? ते तर परक्या गाड्यांचं मैदान!”

ओगुरीने आभाळाकडे बोट दाखवलं. आभाळ भरून आलं होतं.

“संध्याकाळी पाऊस सांगितलाय ना,” तो हळूच म्हणाला. “पाऊस सांगितला की ते मैदान सकाळी आठलाच भरतं. सगळे साहेब तिकडून मागच्या वाटेने चालत येतात. मी कोणाचं नाव घेत नाही. आणि सगळ्या मिनोबेच, साहेब.”

मुख्य दारासमोर तपासणी झाली. निवा साहेबांनी बागेचा पाइप मागवला. समितीचे चौघे ‘परक्या’ गाडीत बसले, दारं लावून घेतली आणि निवा साहेबांनी दहा मिनिटं चारी बाजूंनी पाणी मारलं. चौघे जसे गेले तसे कोरडे बाहेर आले आणि एकसुरात म्हणाले, “अरे वा, असं असतं होय!” त्यांतल्या एकाने मात्र बसल्या बसल्या, न बघता, सीट मागे सारायची कळ अचूक दाबली होती. बाकीच्यांनी ते पाहिलं नाही, कारण तेही तेच करत होते.

चारला निर्णय झाला. तोकुराच्या नव्या गाडीच्या दाराचं काम शिओमी रबरला मिळालं. सहाही माणसं राहिली, व्याहीही राहिला. कुरोइवा धावतपळत कारखान्यात आले आणि शिओमीबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले. निवा साहेबांचं बोलणंसुद्धा सांगितलं, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

शिओमीबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

“म्हणजे तुम्ही आधीच एखाद्या दिवशी चुकला असतात तर?”

“तर... कदाचित... लवकर...”

“किती लवकर?”

कुरोइवांनी हवापाण्याविषयी बोलायला सुरुवात केली.

ते वाक्य आता कुरोइवा म्हणत नाहीत, साके पोटात गेली तरी. शिओमीबाई म्हणतात. रोज सकाळी, सगळे जमल्यावर, गाड्यांच्या किल्ल्या कुरोइवांच्या हातात देताना, अगदी त्यांच्याच आवाजात, “एकदाही!”