डाव्या अंगापुरती मंजुरी

नगरपरिषदेने यंदा व्यसनमुक्ती केंद्राला प्रत्येक रुग्णाच्या फक्त डाव्या अंगापुरता निधी दिला, आणि माझा नवरा हेमंत डावीकडून बरा होऊन घरी आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या लेकीला, रेवाला, त्याच्या कोणत्या बाजूला झोपवायचं, हेच ठरेना. डाव्या बाजूला, हे उघड होतं. पण माणूस झोपेत कूस बदलतो.

मोटारसायकलवरून पडल्यावर कंबरेसाठी दिलेल्या गोळ्या कंबर बरी झाली तरी त्याला सुटल्या नव्हत्या. पुढे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आल्या. एकदा तो रेवाला औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसवून दुसऱ्या दुकानाच्या शोधात गेला आणि तिला विसरला. ती चार वर्षांची आहे. त्यानंतर मी तिला त्याच्यापाशी एकटं ठेवलं नव्हतं.

केंद्राने काम चोख केलं होतं, यात शंका नाही. डावा हात भाजी निवडायचा, रेवाचे केस विंचरायचा. डावा डोळा माझ्याकडे सरळ बघायचा. उजवा हात मात्र स्वयंपाकघरातले डबे चाचपत असायचा. उजवा पाय दाराकडे निघाला की डावा जागचा हलत नसे, त्यामुळे हेमंत स्वतःभोवतीच गोल फिरे. रेवा टाळ्या वाजवी. अशा वेळी आईने काय करावं, हे मी बालसंगोपनाच्या पुस्तकात शोधलं. दात येण्यावर तिथे बरंच काही होतं.

केंद्राचे समुपदेशक ढोबळे सर तपासायला घरी आले. त्यांनी हेमंतचा डावा हात हातात घेतला आणि समाधानाने मान हलवली.

"वहिनी, डावं काम पक्कं आहे. पण उपचार न झालेली बाजू झालेल्या बाजूला ओढत राहते. उजव्याची मंजुरी लवकर आणा, नाहीतर हेही हातचं जाईल."

"पण डावीच बाजू का निवडली?"

"हृदय तिकडं असतं, असा मुद्दा निघाला सभेत. विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली." मग ते बालवाडीत गेले. प्रतिबंधाचा निधीही तेवढाच होता; मुलांना नशेचे धोके ते फक्त डाव्या कानात सांगत.

उजव्याच्या मंजुरीसाठी मी अर्ज केला, आणि नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत मला बोलायला वेळ मिळाला. माझी आई गावी तापाने पडलेली, शेजारच्या काकू लग्नाला गेलेल्या. रेवाला सभेत नेता येत नव्हतं.

"जा तू," हेमंत म्हणाला. "मी आहे ना."

"किती?"

त्याने विचार केला. "अर्धा. पण आहे."

मी बाहेरून कडी घातली आणि जिना उतरले. आग लागली तर, म्हणून वर येऊन कडी काढली. तो बाहेर पडला तर, म्हणून पुन्हा घातली. शेवटी काढली. एम.ए.ला मला पहिला वर्ग होता.

आरोग्य सभापती बागवान मॅडमनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, पथदिव्यांचं बघा. निधी नाही म्हणून एकाआड एक लावतो आम्ही. रस्ता दिसतोच ना?"

"मॅडम, माझ्या घरी अंधार उजेडाला ओढतोय." हे वाक्य मी रिक्षात पाठ केलं होतं. सभागृहात ते फारच शिकलेलं वाटलं.

मागच्या बाकावरून नगरसेवक चिकोडे अण्णा उठले. "यांना उजवं दिलं, की उद्या अख्खं गाव दोन्ही अंगं मागणार! परिषदेनं आणायचं कुठून?"

"अण्णा, बसा," मॅडम म्हणाल्या. "आजारी माणसाचा विषय आहे."

"अर्धा बरा आहे की तो!"

कुणी हसलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "उजव्या अंगाचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. तोवर उजवी बाजू कुटुंबाने सांभाळावी, असं इतिवृत्तात घ्या."

मी रिक्षा न शोधता धावतच घरी आले. जिन्यातूनच दिसलं, दार सताड उघडं होतं.

हेमंत उंबऱ्यावर बसला होता. उजवा पाय बाहेर, जिन्याच्या दिशेने ताणलेला. डावा आत, फरशीवर घट्ट रोवलेला. डाव्या हाताने त्याने चौकट पकडली होती. त्याच्या मागे रेवा, दोन्ही पाय भिंतीला टेकवून, त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू गेलीस तेव्हापासून," हेमंत म्हणाला. डावा डोळा माझ्याकडे होता, उजवा जिन्याकडे. "काय झालं?"

"तहकूब."

त्याने मान हलवली. मी चपला काढल्या. उजवा हात तिच्या मुठीतून सुटायला बघत होता आणि मला त्याला हात लावायचा धीर होत नव्हता.

रेवा म्हणाली, "आई, आता तू धर. मला शू लागलीय."