मुलांची वानगी

आमचे हेडमास्तर, नरहरी मास्तर, मुलांची वानगी खिशात घेऊन हिंडत. कापसाचा दलाल मूठभर कापूस कागदात बांधून हिंडतो ना, अगदी तसेच. फक्त मास्तरांच्या पुडीत कापूस नसे, मुलांचं हस्ताक्षर असे. एका बाजूला कचेरीत चालणारी उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, खाली सोडवलेलं एक त्रैराशिक. स्टेशनमास्तर दिसो, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचा मालक दिसो की तहसिलातला कारकून, मास्तर त्याला भर रस्त्यात गाठत आणि कागद नाकासमोर धरत.

"आधी माल बघा, मंग बोला."

ते परतूरला आले तेव्हा आमची शाळा शेवटचे श्वास मोजत होती. वरच्या तीन वर्गांत मिळून आम्ही अकराजण. तपासणीला आलेले साहेब सांगून गेले होते की पोरं वाढली नाहीत तर वरचे वर्ग बंद. मास्तर गावोगाव फिरले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "शिकून पोरगं करतंय काय? ना शेतातलं राहतं, ना कचेरीतलं होतं."

मास्तर परत आले आणि म्हणाले, "बराबर आहे त्यांचं. आधी गिऱ्हाईक पाहू."

आणि मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, गेले. मोंढ्यात कापसाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघं हातात हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारच्याला पत्ता लागत नाही. मुलांचे पगारही असेच ठरवायचे, असं मास्तरांनी मनावर घेतलं. पहिल्याच खेपेला बोटं चुकली. आमच्या वर्गातल्या सदूला नोकरी लावायला गेलेले मास्तर गाडीभर सरकी विकत घेऊन आले. आठ दिवस आम्ही सरकीच्या पोत्यांवर बसून भूगोल शिकलो. शेवटी करीमभाई दलालांना दया आली. त्यांनी मास्तरांची शिकवणी घेतली.

"मास्तर, अंगठा बिलकुल हलवू नका. अंगठा हलला की माल तुमचा."

पुढं मास्तर तरबेज झाले. त्यांची भाषाही कापसाची झाली. हुशार पण आळशी रहीमबद्दल ते म्हणत, "धागा लांब आहे, पण ओला आहे. उन्हात ठेवावा लागंल." वर्गात बडबडणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्याच्यात सरकीच लई." पण रहीम जिनमध्ये वजनं लिहायला लागला, सदू मालधक्क्यावर चिकटला, आणि मुलांचे बाप आपण होऊन शाळेत यायला लागले. ओसरीवर वर्ग भरवावे लागले. एकजण तर रांगतं पोर घेऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याचा सौदा आत्ताच करून ठिवता का?"

मी मॅट्रिक झालो. माझं अक्षर बरं होतं, आणि जिनच्या शेटजींना मुनिमाच्या हाताखाली माणूस हवा होता. बा नवा फेटा बांधून मोंढ्यात आले. मला औरंगाबादेला कॉलेजात जायचं होतं. पण आमच्या घरात चौथीपुढं कोणी गेलेलं नव्हतं. असलं काही घरात बोलायचं कसं, हेच मला कळत नव्हतं. एकदा फक्त मास्तरांच्या टेबलावरचं कॉलेजचं माहितीपत्रक मी तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी पाहिलं होतं.

शेटजींनी हात पुढं केला. मास्तरांनी रुमाल टाकला. क्षणभरात शेटजींनी विंचू चावल्यासारखा हात बाहेर ओढला.

"मास्तर, पोरगा कामाला लावून राह्यले, का माझा जिन मागून राह्यले?"

"माल बघा शेटजी."

"बघितला. तुम्हीच ठेवा." शेटजी उठून गेले.

बांचा चेहरा उतरला. "मास्तर, हातातली नोकरी घालवली की हो."

"भाव आला न्हाई, आबाजी," मास्तर शांतपणे रुमालाची घडी घालत म्हणाले. "ह्याला औरंगाबादेच्या बाजारात न्यावं लागतंय. कॉलेजात चार वर्षं ठेवला तर भाव चढंल. राहण्याजेवणाची सोय मी लावली."

बांनी माझ्याकडे पाहिलं. कापूस घरात ठेवून भाव चढायची वाट पाहणं त्यांना कळत होतं.

"चार वर्षं," ते म्हणाले. "मंग भिजू देऊ नका म्हंजे झालं."

मास्तरांनी मुनिमाच्या चौपट पगार मागितला होता, हे शेटजींकडून ऐकलेलं करीमभाईंनी मला गाडीत बसवताना सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मास्तरांकडे गेलो. शाळेमागच्या खोलीत ते एकटेच राहत. त्यांनी चहा टाकला आणि विचारलं, "कॉलेजचं पुस्तक आणलंस का?" इतिहासाचं होतं. मी ते पुढं केलं, तर त्यांनी घेतलं नाही. "तूच वाच."

मी उघडेपर्यंत ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "मी मॅट्रिकला पहिला आल्तो. दुसऱ्या दिवशी वडलांनी शाळाखात्याच्या कचेरीत चिकटवलं. नोकरी चांगली होती. मला कोणी विचारलं न्हाई, इतकंच."

मी वाचायला लागलो. पान झालं, दुसरं झालं. मास्तरांनी डोळे मिटले होते. झोप लागली असेल असं वाटून मी थांबलो.

"वाच," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."