कप्तानआजाचा वारस

१९८२ साल. लातूर वेगळा जिल्हा झाला, आमच्या शिवारात पाऊस झाला नाही आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. त्याच साली आमच्या गावचे महालिंगआप्पा लंगडायला लागले. पायाला काही झालं नव्हतं. पणज्याला लढाईत गोळी लागली होती, म्हणून हे लंगडत होते.

आणि पणजा कोण, तर गोरा कप्तान!

मी दुसरी शिकलो. तिसरीचा मास्तर मला पटला नाही, मी शाळा सोडली. पण गोऱ्याच्या घराण्यात लिंगायत वाणी निपजत नाही, एवढं मला मास्तराशिवाय कळतं.

आप्पांचं किराणा दुकान होतं आणि ओढ्याकाठी थोडं रान. रानात एक जुनी कबर. निजामाच्या काळात एक गोरा फौज सोडून इथं जमीन घेऊन राहिला, कापूस पिकवला आणि इथंच मेला, एवढंच गावाला माहीत. दगडावरची अक्षरं कधीच झिजलेली. आप्पा त्याला ‘कप्तानआजा’ म्हणायचे आणि त्याचा इतिहास हुडकायला एस.टी.नं देगलूरला जायचे. तिथं एक म्हातारा होता. त्याच्या आज्यानं म्हणे गोऱ्याचे घोडे सांभाळले होते. म्हातारा ठार बहिरा. आप्पा विचारायचे एक, तो तेलुगू-मराठी मिसळून सांगायचा दुसरंच. जे सांगेल ते आप्पांच्या अंगात उतरायचं.

गोरा पालीला भ्यायचा, असं कळलं. दुसऱ्या दिवशी आप्पा पाल बघून गूळ तोलता तोलता दुकानाबाहेर पळाले.

“आप्पा, काल तर झाडूनं हाणलाव की तिला!”

“काल ठाव नव्हतं. रगत बोलतं, व्यंकटा, रगत!”

गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, वर साहेबी टोप. म्हशीला ‘हाल्ट’ म्हणायचे, आणि म्हैसही थांबायची. पुढच्या खेपेला म्हाताऱ्यानं गोळी डाव्या पायाला लागल्याचं सांगितलं. आप्पांनी लंगडा पाय बदलला.

दुष्काळी कामावर शिरूर अनंतपाळकडचा रस्ता निघाला. मी मुकादम. आखणीची, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ नेमकी कबरीवरून गेली. आप्पा टोप घालून कबरीवर जाऊन बसले.

“माझ्या खानदानावरनं रस्ता जाणार न्हाई.”

नवा जिल्हा, नवा साहेब. तो म्हणाला, “वारस असाल तर गावातला एक जाणता साक्षीदार उभा करा. मग रेघ वाकवू. नाहीतर हे दगड खडीला जातील. उद्या सण आहे, परवा सकाळी येतो.”

सगळं काम थांबवून लोक हसले. सगळ्यात जास्त मी.

“आप्पा, म्हशीला आणा साक्षीला. तेवढीच ऐकती तुमचं!”

आप्पांनी टोप काढून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पूजा करायची आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. त्या साली रानं उघडी पडली होती, तरी गेलो. जेवून परतताना आप्पांच्या रानात डोकावलो. आप्पा एकटेच जेवत होते. दुसरं पान कबरीवर वाढलेलं.

“एकटंच जेवायलाव? आमच्यात का आला न्हाईत?”

“दरसाल येतोच की. तुमच्या कोपीत तुमच्या आज्या-पणज्याच्या गोष्टी निघत्यात. कुणी हीर पाडली, कुणी वाघ मारला. मी आंबील पितो आन् उठतो.”

“मग?”

“मग काय? मला तान्ह्याला मठाच्या पायरीवर कुणी ठिवलं, मठाच्या स्वामींना बी ठाव नव्हतं. ह्यो कुठून आला, गावाला ठाव न्हाई. ह्येला हुडकत कुणी आलं न्हाई, मला बी न्हाई. म्हणलं, आपलं दोघांचं जमवून घ्यावं.”

“आन् ते लंगडणं?”

आप्पांनी उंडा मोडला. “कायतरी घराण्याचं असावं की रे अंगात.”

त्यांनी आंबिलीचा पेला पुढं केला. मी बसलो, प्यालो आणि घरी आलो.

सकाळी साहेबाची जीप आली. सगळे मजूर जमलेले. आप्पा लांब उभे.

“साक्षीदार कोण?”

“मी,” म्हटलं.

हसायला लागलेल्या एका मजुरानं माझ्याकडं बघून टोपलं उचललं.

“यांचा पणजा तो गोरा कप्तान होता?”

“व्हय. माझा आजा सांगायचा.”

साहेबानं आप्पांना टाचेपासून डोक्यापर्यंत बघितलं. “मग हे इतके काळे कसे?”

“आमच्याकडचं ऊन लई वंगाळ, सायब,” मी म्हटलं. आणि फक्कीचं घमेलं उचलून कबरीच्या अलीकडून नवी रेघ मारायला घेतली.