स्टँडपासून दर्ग्यापर्यंत

“मास्तर, ह्ये गानं किती वेळाचं हाय?”

“स्टँडपासून दर्ग्यापर्यंत.”

आमच्या जुन्नरच्या घराच्या खिडकीखाली मी हे ऐकलं. विचारणारा ढोलवाला, उत्तर देणारे बँडवाले रशीदमास्तर. जन्मभर वरातीपुढे चालत क्लॅरिनेट वाजवल्यामुळे ते संगीत मिनिटांत मोजत नसत, रस्त्यात मोजत. एक कडवं म्हणजे शंभर पावलं. तालमीत कुणी जागेवर थांबलं की म्हणत, “राव, तुमी खांब हाय का?”

मी तेव्हा पुण्यातली शाळा संपवून घरी आले होते. तिथे पियानो शिकल्यामुळे मला स्वर कागदावर मांडता येत. एवढ्यावरून मास्तरांनी मला धरलं. ते वाजवत पुढे, मी वही घेऊन मागे. बोलावं लागणार नव्हतं, म्हणून मी तयार झाले.

गाणं होतं धरणात गाव गेल्यावर चालत निघालेल्या दहा वर्षांच्या मुलाचं. सगळा बँड आणि जुन्नरच्या शाळेतल्या वीस मुली त्यात होत्या. तो मुलगा म्हणजे मास्तरच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मोठ्या ड्रमवर अजून ‘मु. पो. उंबरवळण’ रंगवलेलं होतं. एकदा लग्नाची सुपारी द्यायला बोरीचे पाहुणे तो पत्ता शोधत गेले आणि थेट पाण्याच्या काठाशी पोहोचले. परत येऊन चिडले, तर मास्तर शांतपणे म्हणाले, “काठापर्यंत गेलं ना पावणं? मग पत्ता बराबर हाय.”

गाण्याच्या शेवटी मुलगा नव्या गावात येतो आणि मुली विचारतात, “कुठला रं तू?” उत्तर मास्तर स्वतः देणार होते. तालमीत मात्र ती जागा आली की ते घाईनं क्लॅरिनेट तोंडाला लावत. “ऐन टायमाला बोलू, ताई,” म्हणत. वहीत ती ओळ कोरीच राहिली.

शाळेच्या संमेलनात स्टेज दहा पावलांचं निघालं, म्हणून बँड मैदानाला फेऱ्या घालत वाजवत राहिला. मास्तरांच्या मागे वही धरून मी.

“कुठला रं तू?” मुलींनी विचारलं.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. मुलींनी पुन्हा विचारलं. मास्तर चालायचे थांबले. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मागचा सगळा बँडही थांबला.

शाळेत हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करायचे. मुलींनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी वही मिटली आणि मोठ्यानं म्हणाले, “उंबरवळणचा.”