शंका मेहुण्याकडे जमा कराव्यात

ज्या कंपनीत सगळ्यांची डोकी एकाच दिशेनं चालतात, त्या कंपनीला एकच डोकं पुरतं. बाकीची नुसती टोप्या घालण्यापुरती असतात. हे तत्त्व मला पन्नाशीत कळलं, तेही एका दिवसाच्या शिबिरात, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. (सुट्टीनंतर काय कळलं ते आठवत नाही. जेवण चांगलं होतं.)

आमचा घडीच्या खुर्च्यांचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केलेला. ते गेल्यावर मी कार्यालयात जाऊन बसलो आणि माझी थोरली बहीण कारखान्यात जाऊन उभी राहिली. ही वाटणी स्वभावाला धरूनच झाली. मला बसायला आवडतं आणि ताई कुठलीही खुर्ची आधी उलटी करून बघितल्याशिवाय तिच्यावर बसत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा तिनं मला काही विचारलं नाही. होणाऱ्या नवरीला बाजूला घेऊन म्हणाली, "तू नक्की विचार केलास ना?"

तर शिबिरवाल्या सरांचं म्हणणं असं, की उत्तम व्यवस्थापनात पाच प्रकारची माणसं लागतात: एक शंकेखोर, एक उत्साही, एक थंड डोक्याचा, एक धडाडीचा आणि या चौघांना सांभाळणारं एक समतोल नेतृत्व. मी भारावून गेलो. भारावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मागे एकदा मी वक्तशीरपणानं असाच भारावलो होतो आणि कारखान्यात सगळीकडे घड्याळं लावली होती. त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं, हा भाग वेगळा.

परत आल्या आल्या सर्वांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. निकाल धक्कादायक लागला. हिशेबनीस, खरेदीप्रमुख आणि विक्री बघणारा माझा मेहुणा, या तिघांची उत्तरं शब्दशः माझ्या उत्तरांसारखी निघाली. (चाचणीच्या वेळी तिघेही माझ्या शेजारी बसले होते. मी हा योगायोग मानतो.) ताईनं सगळ्या प्रश्नांखाली मिळून एकच वाक्य लिहिलं होतं, "मग काम कधी करायचं?" हे उत्तर कुठल्याच प्रकारात बसेना, म्हणून ते बाद धरण्यात आलं.

थोडक्यात, आमच्याकडे विविधता शून्य टक्के होती. आता जी वस्तू घरात नाही ती बाहेरून आणावी लागते, नाहीतर असलेल्यांत वाटावी लागते. बाहेरून आणणं खर्चिक, म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या.

वाटप पुढीलप्रमाणे झालं. स्वतःच्या केबिनमध्येही दार वाजवून शिरणारे आमचे हिशेबनीस 'धडाडीचे' झाले. लिफ्ट उशिरा आली तर लिफ्टशी भांडणारे खरेदीप्रमुख 'थंड डोक्याचे' झाले. ज्यानं जन्मात कशावर शंका घेतली नाही, मी दिलेल्या नोकरीवरसुद्धा नाही, त्या मेहुण्याच्या वाट्याला 'शंकेखोर' आलं. आणि ताईच्या चिठ्ठीत 'उत्साही' होतं. ती चिठ्ठीही तिनं उलटी करून बघितली. समतोल नेतृत्वाची चिठ्ठी मी टाकलीच नाही. काही गोष्टी नशिबावर सोडायच्या नसतात.

मग परिपत्रक काढलं. प्रत्येकानं आपापल्या व्यक्तिमत्त्वातच बोलावं. इतरांना शंका आल्यास त्या गुरुवारपर्यंत मेहुण्याकडे जमा कराव्यात. थेट शंका घेतल्यास ती बैठकीत धरली जाणार नाही. घरी जाताना व्यक्तिमत्त्व कार्यालयातच ठेवून जावं. (हे शेवटचं बायकोच्या सांगण्यावरून. तिच्या भावानं घरच्या जेवणात मिठावर शंका घ्यायला सुरुवात केली होती.)

परिणाम डोळ्यांत भरण्यासारखा होता. पूर्वी जी बैठक चहा संपायच्या आत आटोपायची ती आता दोन चहा चालू लागली. मेहुण्यानं तर कामात जीव ओतला. "भाऊजी, खुर्चीला चारच पाय का?" "भाऊजी, ही भिंत इथंच कशाला?" हिशेबनीस दर पाच मिनिटांनी टेबलावर मूठ आपटायचे आणि लगेच "माफ करा" म्हणायचे. खरेदीप्रमुख शांत बसायचे, पण त्यांच्या कानशिलाजवळची शीर उडताना दिसायची.

अशात मोठं काम आलं. नव्या सभागृहासाठी तीनशे खुर्च्या. मी स्वतः नवीन नमुना काढला आणि नाव दिलं 'हलकीफुलकी'. घडीच्या खुर्चीचे पाय जिथं एकमेकांवरून जातात तिथं त्यांना खिळीसारखं धरून ठेवणारं एक रिव्हेट असतं. वडिलांनी ते जाड ठेवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी ते बारीक केलं. खुर्ची इतकी हलकी झाली की उचलताना आपणच बलवान असल्यासारखं वाटायचं. मला तर फार वाटायचं.

बैठकीत ताईनं नमुना उलटा केला. "अरे, हे रिव्हेट वाकतंय. हे चालायचं नाही."

"ताई," मी समतोलपणे म्हणालो, "शंका तुझ्याकडे नाही. तू उत्साही आहेस. जे सांगायचं ते उत्साहानं सांग."

ताईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी मी विहिरीत वाकून बघायचो तेव्हा ती अशीच बघायची. मग तिनं टाळी वाजवली. "वा! काय रिव्हेट आहे! पहिल्यांदा बसलं की काही होत नाही, नुसतं वाकतं! उठून परत बसलं की माणूस थेट जमिनीवर! अभिनंदन!"

हिशेबनिसांनी मूठ आपटली. खरेदीप्रमुख अतिशय शांत राहिले. मी मेहुण्याला रीतसर विचारलं, रिव्हेटबद्दल काही शंका? तो म्हणाला, "रिव्हेटबद्दल नाही, भाऊजी. 'हलकीफुलकी' हे नाव जरा जड वाटतं." त्यावर चर्चा झाली. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: 'कारखानाप्रमुखांनी नव्या रिव्हेटचं मनःपूर्वक स्वागत केलं.'

संध्याकाळी ताई माझ्या केबिनमध्ये आली. उत्साह बाहेर ठेवून.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली, "मी बोलावं म्हणून मला बैठकीत बसवतोस, की मी बोलले असं दिसावं म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणालो. समतोल नेतृत्वाला हेच उत्तर शोभतं.

"उद्घाटनाला आई पहिल्या रांगेत बसणार आहे."

"आईचा माझ्यावर विश्वास आहे."

"त्याचीच तर भीती वाटते." ताई उठली नाही, कारण ती बसलीच नव्हती. दाराशी जाऊन म्हणाली, "त्या खुर्च्या तशाच गेल्या, तर मी परत कारखान्यात पाऊल टाकणार नाही. हे उत्साहानं सांगत नाहीये."

खुर्च्या तशाच गेल्या. ठराव मंजूर झाला होता. आता माघार घेतली असती तर नेतृत्वाचा तोल गेला असता.

उद्घाटनाला सभागृह खच्चून भरलं. लोक बसले. काहीही झालं नाही. मी ताईकडे विजयी मुद्रेनं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. प्रमुख पाहुणे म्हणून माझ्या आग्रहावरून शिबिरवाल्या सरांनाच बोलावलं होतं, विषय 'भिन्न व्यक्तिमत्त्वांचं बळ'. सर सुंदर बोलले. शेवटी दोन्ही हात उंचावून म्हणाले, "विविधतेवर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी उभं राहावं!" अख्खं सभागृह एका माणसासारखं उभं राहिलं. माझा ऊर भरून आला.

"आता बसा," सर म्हणाले.

सुरुवात मागच्या रांगेतून झाली. आधी एक कटकन आवाज, मग एक "अगं आई गं," मग रांगेमागून रांग. माणसांच्या स्वभावात कितीही विविधता असो, खुर्च्यांच्या स्वभावात तिळमात्र नव्हती. तीनशेपैकी दोनशे नव्व्याण्णव खुर्च्या एकमतानं बसल्या. मीही त्यांच्याबरोबर बसलो. (माझ्या माकडहाडाला बसलेला मार हा या प्रकरणातला एकमेव समतोल नसलेला मुद्दा, तो डावीकडे जास्त आहे.) खरेदीप्रमुखांचं थंड डोकं त्याच क्षणी संपलं, आणि ते जमिनीवरून जे बोलले ते इथं देता येत नाही.

तीनशेवी खुर्ची आईची होती. ती आमच्या घरची, वडिलांच्या हातची. ताईनं सकाळीच टेम्पोतून आणून पहिल्या रांगेतल्या एका नव्या खुर्चीच्या जागी ठेवली होती. तीनशे माणसांच्या सभेत आई एकटी ताठ बसली होती. तिनं चष्मा वर केला, चारी बाजूंना बघितलं आणि मला म्हणाली, "अरे, तुम्ही सगळे खाली का बसलात? आणि ताई का रडतेय?"

ताई खरंच रडत होती. मी तिला रडताना वडील गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आत्ता.

चौकशीची बैठक उभ्यानंच झाली. निष्कर्ष: पद्धतीत कुठलाही दोष नव्हता. इशारा वेळेवर, पूर्ण आणि योग्य त्या व्यक्तिमत्त्वातून मिळाला होता. फक्त तो ऐकण्याचं काम कोणाच्याच चिठ्ठीत नव्हतं. खुर्च्या बदलून दिल्या, जाड रिव्हेटच्या. ताई मात्र दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी तिच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मी परत आले आणि नको म्हणाले, तर थांबशील?"

मी म्हणालो, "विषय बैठकीत ठेवतो."

तिनं पेला आत नेला आणि बाहेर आलीच नाही. मी बराच वेळ बसून होतो. तिच्या घरातली खुर्ची फार भक्कम आहे. खरं सांगतो, कारखान्यात शिरताना आजही पहिल्यांदा नजर तिच्या जागेकडे जाते.

तिच्या जागी नवा माणूस घेतला आहे. चाळीस उमेदवारांतून निवडला, आणि निकष एकच, तो माझ्यापेक्षा पूर्ण वेगळा हवा. तसा तो आहेच. चांगला उंच आहे. अजून तरी त्यानं मला कशालाही नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे बैठका पुन्हा एका चहात आटोपतात.

आणि तुम्ही मघापासून हसताय, ते कळतंय मला. हसा. पण तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत, तुमच्या तोंडावर "हे चुकतंय" असं शेवटचं कोण म्हणालं होतं, ते जरा आठवून बघा. आठवत नाही? म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं दिसतंय. आम्हीसुद्धा पहिल्यांदा बसलो तेव्हा काही झालं नव्हतं.